तिसऱ्या मजल्याची फेक

तुम्हाला चेंडू फेकायला कुणी शिकवलं, असं हस्तकलेच्या बाईंना विचारलं की त्या दोन गुरू सांगतात. पहिला गुरू त्यांचा नवरा, जो घरोघरी पेपर टाकतो. दुसरा गुरू तिसरीतली एक मुलगी, जिला अख्खी शाळा वकील म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करताहेत. बाईंच्या जिभेला थट्टेची सवय आहे हे खरं, पण या बाबतीत त्या अगदी मनापासून बोलत असतात. दोघांचे उपकार त्या मानतात. नवऱ्याचे मानताना जरा हात राखून मानतात एवढंच, कारण तो लगेच डोक्यावर बसतो.

बाई स्वतः शाळेत होत्या तेव्हा त्यांचं खेळाचं सगळं शिक्षण बाकावर झालं. दोन कप्तान आळीपाळीने एकेकाला आपल्या बाजूला ओढायचे आणि शेवटी बाई उरायच्या. मग दोन्ही कप्तान एकदम उदार व्हायचे. "हिला तुम्ही घ्या." "छे, तुम्हीच घ्या." या आग्रहाचा शेवट ठरलेला असे: "तू सामान सांभाळ." बाईंनी सामान फार नीट सांभाळलं. त्या असेपर्यंत वर्गातल्या कुणाची पाण्याची बाटली हरवली नाही. घरी येऊन त्या आईला सांगायच्या, आज खूप खेळले. आई फ्रॉककडे बघायची, तो इस्त्रीचा तसाच असायचा, पण ती काही बोलायची नाही. आईच्या त्या न बोलण्याचेसुद्धा बाई आज आभार मानतात.

अशा बाईंकडे प्राथमिक शाळेचा खेळाचा तास आला तो निव्वळ मान वर केल्यामुळे. खेळाचे सर दुसरी शाळा मिळाली म्हणून सोडून गेले. मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "हा तास आता कोण घेतंय?" त्याबरोबर सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. बाई खाली वाकून कात्र्या गोळा करत होत्या. काय शांतता पसरली म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि घोडं गंगेत न्हालं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की खुर्चीतून उठला आणि परत बसला. "तू? खेळ? अगं, तू उशी फेकलीस तर ती तुझ्याच मागे पडते."

"म्हणूनच सांगतेय. तुमचा पेपर कसा सरळ वर जातो, तसं मला शिकवा."

पेपरवाला म्हणून नवऱ्याची त्या भागात ख्याती होती. रस्त्यात उभं राहून तो घडीचा पेपर असा फेकायचा, की तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुंड्यांना धक्का न लावता बरोबर दारापुढे पडायचा. पुढची सगळी सुट्टी नवरा-बायको गच्चीत रद्दीची भेंडोळी फेकत होते. पहिलं भेंडोळं शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत गेलं, दुसरं पाण्याच्या टाकीमागे, तिसरं नवऱ्याच्या पोटावर. तो मात्र एकदाही वैतागला नाही. "हात कानापाशी आण. कोपर खांद्याच्या वर. उजव्या हाताने टाकतेस ना, मग डावा पाय पुढे. आणि सोड." सुट्टी संपता संपता बाईंचं एक भेंडोळं सरळ उडत गच्चीच्या पार टोकाच्या भिंतीला लागलं. बाई तिथेच मटकन खाली बसल्या आणि चक्क रडल्या. नवऱ्याला वाटलं खांदा निखळला.

त्या दिवसापासून 'कान, कोपर, पाऊल' हा बाईंचा मंत्र झाला. त्यांनी मुलांकडून तो पाढ्यासारखा म्हणून घेतला. भिंतीवर खडूने एक मोठा कानही काढला. ज्याला लहानपणापासून सहज फेकता येतं त्याला नियम माहीतच नसतो, तो आपला फेकून मोकळा होतो. जो उशिरा शिकतो तो मात्र नियमाचा खांब मिठी मारून धरतो. बाईंचं तसंच झालं होतं.

बाकी त्यांचा तास बघण्यासारखा होता. या शाळेच्या मैदानातही एक बाक होता, तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात भिंतीकडे सरकवला आणि जाहीर केलं, की यावर बाटल्या बसतील, माणसं नाही. चेंडू विकत घ्यायची सोय नव्हती, पण हस्तकलेच्या बाईंचं तेवढ्याने अडतं होय? जुन्या मोज्यांत चिंध्या नाहीतर स्पंजचे तुकडे भरून त्यांनी चेंडू केले, पडद्यांच्या कापडाच्या चौकोनी पिशव्या शिवून त्यांत वाळलेले वाटाणे भरले. कुठली हलकी, कुठली भारी. रिकाम्या डब्यांचा किल्ला रचायचा आणि तो फेकून पाडायचा, हा मुलांचा सगळ्यात आवडता खेळ. जमिनीवर जवळ-दूर अशा बऱ्याच रेघा मारलेल्या असत. आपली रेघ ज्याची त्याने निवडायची आणि कुणी कुणाच्या रेघेला हसायचं नाही. एका मुलाला फारसं दिसत नसे, त्याच्यासाठी किल्ल्यामागे एकजण खडे भरलेला डबा वाजवायचा आणि तो आवाजावर नेम धरायचा. एकाच्या हातात इतका जोर, की त्याचा चेंडू शेजारच्या आवारात सापडायचा. त्याचं नाव तोफ. तोफेला बाई सगळ्यात भारी पिशवी द्यायच्या आणि देवाचं नाव घ्यायच्या.

या सगळ्यांत वकील आली.

वकिलाचे दोन्ही हात जन्मापासून आखडलेले होते. डावा तर छातीशीच असे, त्या मानाने उजवा बरा. उजव्या मुठीत वस्तू धरता यायची, पण धरलेली सोडता यायची नाही. एका पायाला पट्ट्यांचा आधार होता. तोंडाचा पट्टा मात्र बिनआधाराचा चालायचा. गृहपाठ का करायचा इथपासून घंटा दोन मिनिटं उशिरा का झाली इथपर्यंत ती कशावरही वाद घालू शकत असे, आणि बहुतेक वेळा जिंकत असे. आईबाबा दोघंही कामावर, म्हणून तिला ने-आण करायचं काम आजोबांकडे होतं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान शाळेसमोरच होतं. नातीचा खेळाचा तास आला की आजोबा दुकानाला कुलूप लावून कुंपणापाशी येऊन उभे राहत. तिच्या मुठीत काही अडकलं की फाटकातून आत येत आणि तिचं एकेक बोट हलकेच उलगडून देत. माणूस जिवापाड जपणारा होता. त्यात वाईट काहीच नव्हतं, फक्त त्यामुळे वकिलाची मूठ आजवर कधी स्वतःहून उघडली नव्हती, निदान चारचौघांत तरी.

बाईंनी तिला सगळ्यात हलका स्पंजचा चेंडू दिला. दयाच केली म्हणा ना. "हात कानापाशी," त्या म्हणाल्या. वकिलाने दात-ओठ खाऊन हात वर नेला. "आता सोड." मूठ घट्ट. "सोड, सोड," सगळा वर्ग ओरडायला लागला, मुलं बिचारी मदतच करत होती. मूठ आणखी घट्ट. तिने सगळ्या अंगाने झटका दिला, चेंडू मुठीतच राहिला आणि ती स्वतः तोंडावर पडली. हनुवटी फुटली.

आजोबा त्या दिवशी तिला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. बाईंनाही बोलावणं आलं.

"तुमच्यावर राग नाही माझा, बाई," आजोबा म्हणाले. "तुम्ही मनापासून करता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडत नाही हे सगळ्या जगाला दाखवायचं कशाला? खेळाच्या तासाला तिला वाचनाच्या खोलीत बसवा."

"तिला विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"तिला विचारून कोर्ट भरवू का?"

मुख्याध्यापक भांडणाला भिणारे गृहस्थ. त्यांनी मधला रस्ता काढला. महिनाअखेरीला पालक खेळाचा तास बघायला येणार होते, तोवर तिला राहू द्यावं आणि आजोबांनी कुंपणापाशी येऊ नये. त्या दिवशी आजोबांनी डोळ्यांनी बघावं आणि स्वतःच ठरवावं. ते म्हणतील तर ही शाळा संपेपर्यंत ती या तासाला वाचनाच्या खोलीत बसेल, त्यावर पुन्हा चर्चा नाही. आजोबांनी मान हलवली. बाईंनीही हलवली. बाक भिंतीकडे सरकवता येतो, वाचनाची खोली कशी सरकवणार?

मग बाईंनी कान, कोपर, पाऊल आणखी जोरात सुरू केलं. मधल्या सुट्टीत वकिलाला घेऊन त्या भिंतीवरच्या कानासमोर उभ्या राहायच्या. हात थोडा वर, अजून थोडा वर. जितका हात वर जाई तितकी मूठ आवळे. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा वकील दमून म्हणाली, "बाई, हा कान पुसून टाकला तर?" बाईंनी तिला गप्प केलं. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःच्या कपाळावर हात मारतात.

एक दिवस असाच सराव फसला आणि वकील पाणी प्यायला बाकाकडे गेली. बाई मागून बघत होत्या. भरलेली बाटली तिच्या मुठीत पट्ट्याने अडकलेली होती. आता ही कुणाला तरी हाक मारणार, असं बाईंना वाटलं. तिने कुणालाच हाक मारली नाही. ती बाकाशेजारी उभी राहिली, खांदा सैल केला, हात नुसता लोंबू दिला. बाटलीच्या वजनाने मनगट खाली वळलं, बोटं आपोआप ढिली पडली आणि बाटली बाकावर जाऊन बसली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "परत ठेव बरं."

"का? नीट तर ठेवलीय."

"नीट ठेवलीस म्हणूनच."

वकिलाने बाटली उचलून परत ठेवली. "हात मेल्यासारखा सोडायचा. मनगट खाली पडलं की बोटं उघडतात. वर केलं की बंद. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं गं."

"मग विचारायचं ना," वकील म्हणाली आणि पाणी न पिताच वर्गात गेली, कारण घंटा झाली होती.

संध्याकाळी घरी नवरा दुसऱ्या दिवशीच्या पुरवण्या लावत बसला होता. बाईंनी आल्या आल्या चप्पलही न काढता त्याच्यासमोर हात धरला. मनगट वर केलं, बोटं आवळली. खाली सोडलं, बोटं सैल. "बघितलंत? माझंसुद्धा तसंच होतं. आणि मी त्या पोरीला रोज हात कानाशी न्यायला लावतेय."

नवऱ्याने पुरवणी बाजूला ठेवली. "मग खालून टाकायला सांग की. तळमजल्याला मी कुठे कानापासून टाकतो? चालत्या सायकलवरून हात खाली लोंबू द्यायचा, झोका द्यायचा, पेपर आपोआप जातो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"तू तिसऱ्या मजल्याची फेक शिकायला आली होतीस. तुमचा पेपर वर जातो तसं शिकवा, हे तुझेच शब्द. मी तळमजला कशाला काढू?"

"आणि मी भिंतीवर कान काढून बसले."

"कान चांगला काढलास हो," नवरा म्हणाला. "पण सगळं जग काही तिसऱ्या मजल्यावर राहत नाही."

बाई आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण एक फेक म्हणजे सगळी फेक समजत होतो, आणि आपल्याला ती शिकवणारा हा माणूस मात्र जसं घर तशी फेक करत रोज गावभर फिरत होता. त्यांनी त्याला चहा करून दिला आणि न मागता दुसऱ्यांदाही दिला. नवऱ्याने लगेच तिसरा मागितला, म्हणून उपकार मानणं तिथेच थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला गोल बसवलं. "आजवर आपण तिसऱ्या मजल्याची फेक शिकलो. आज तळमजल्याची. ती मला येत नाही. वकीलसाहेब शिकवतील."

वकिलाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एकेकाच्या मनगटाकडे बघत ती फिरायला लागली. "तुझं मनगट जिवंत आहे. मेलेलं पाहिजे." तोफेने खालून झोका दिला, सोडायला उशीर केला, पिशवी सरळ आभाळात गेली आणि त्याच्याच डोक्यावर आली. वाटाणे हलके नसतात. तोफ डोकं चोळत म्हणाला, "ही फेक बरोबर आहे, माझं डोकं चुकीच्या जागी होतं." ज्यांना कानाशी हात नेऊन कधी जमलं नव्हतं अशा आणखी दोघातिघांची फेक त्या दिवशी सुटली, आणि बाईंना मनात फार लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला.

वकिलाची स्वतःची फेक इतकी सोपी नव्हती. स्पंजचा चेंडू मुठीतच चिकटे. "हलका नको," ती म्हणाली. "मुठीत काही आहे का नाही, हातालाच कळत नाही." बाईंनी भारी पिशवी दिली. तिने खांदा सैल सोडला, हाताला झोका दिला, एकदा, दोनदा, आणि पिशवी सुटली. गेली हातभर लांब. पण गेली. आणखी एक गोष्ट कळली. कुणी 'सोड' म्हटलं की मूठ आवळायची. मायेने म्हटलं तरी आवळायची. म्हणून वर्गाने ठरवलं, की वकिलाचा नंबर आला की कुणी तोंडातून अक्षर काढायचं नाही. तिसरीच्या वर्गाने गप्प बसायचं म्हणजे काय, हे ज्यांनी तिसरीचा वर्ग पाहिलाय त्यांनाच कळेल.

महिनाअखेर आली. पालक मैदानाच्या कडेने खुर्च्यांवर बसले. आजोबा बसले नाहीत, फाटकापाशीच उभे राहिले, अंगावर दुकानातला कोट तसाच. डब्यांचा किल्ला रचला गेला, रांग लागली, ज्याने त्याने आपापली रेघ धरली. आवाजावर नेम धरणाऱ्याने वरचे दोन डबे उडवले. तोफेने किल्ला तर पाडलाच, मागच्या खुर्चीवरच्या एका काकांची टोपीही पाडली. टाळ्या झाल्या, डबे परत रचले गेले.

वकील पुढे आली. तिची रेघ बरीच जवळची होती. भारी पिशवी मुठीत, खांदा सैल, हात लोंबता. एक झोका. दुसरा झोका. पिशवी सुटली नाही. तेवढ्यात खुर्च्यांवरून एक प्रेमळ आवाज आला, "सोड बाळा, सोड." मग दुसरा आला, मग सगळेच. बाईंना तिची मूठ आवळताना लांबून दिसली, बोटांची पेरं पांढरी झाली. त्या पुढे होणार इतक्यात आजोबा निघाले. झपाझप चालत ते तिच्यापाशी पोहोचले, खाली वाकले आणि सवयीने तिच्या करंगळीला हात घातला.

"आजोबा," वकील म्हणाली, "बाजूला व्हा. माझा नंबर आहे."

आवाज मोठा नव्हता. आजोबा वाकलेलेच राहिले. मग हात मागे घेऊन ते उभे राहिले आणि दोन पावलं बाजूला झाले. तिकडे रांगेतली सगळी मुलं पालकांकडे वळली होती, ओठांवर बोट ठेवून. तोफेने तर दोन्ही हातांची बोटं ठेवली होती. मोठी माणसं एकेक करून गप्प झाली.

वकिलाने डोळे मिटले. खांदा हळूहळू खाली आला. मनगट पडलं. झोका, आणखी एक झोका, आणि पिशवी तिच्या हातातून निघाली, जमिनीलगत गेली, धूळ उडवत घसरली आणि किल्ल्याच्या वीतभर अलीकडे थांबली. एकही डबा हलला नाही.

वकिलाने डोळे उघडून पाहिलं. ओठ वाकडा केला, नेम चुकलेला कुठलाही मुलगा करतो तसा. मग पाय ओढत गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्या मुलाने पिशवी उचलून आणली आणि खेळ सुरू झाला.

आजोबा बाईंच्या शेजारी येऊन थांबले. बाईंना वाटलं, आता वाचनाच्या खोलीचं काढतील.

"पिशवी लागली नाही," आजोबा म्हणाले.

"नाही लागली."

"मग आता ती तिकडे का उभी आहे?"

"नेम चुकला की रांगेत मागे जायचं. नंबर पुन्हा येतो."

आजोबांनी रांगेकडे पाहिलं. वकील पुढच्या मुलीशी कशावरून तरी हुज्जत घालत होती. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला, परत घातला. समोर त्यांच्या दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन उभं होतं आणि हात करत होतं. त्यांनी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

"बाई," ते म्हणाले, "तिच्यापुढे अजून किती जण आहेत हो?"